हलक्या पानावरच्या जड पाकळ्या

चि. चिमणीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता बरी असेल. (दिवसभर पडद्यात डोकं घालून बसल्यावर पाठ दुसरं काय करणार? पण राहू दे, आज तुला बोलायला मला तोंड नाही.) माझे गुडघे ठीक आहेत, जीभ तर उत्तमच आहे. अब्रूचं तेवढं सांगवत नाही.

तुझ्या आईच्या रफूच्या दुकानासाठी तू वेबपान केलंस. पांढरं स्वच्छ, दुकानाचं नाव, वेळ, फोन आणि स्वेटरच्या सांधलेल्या कोपराचा एक फोटो, बस्स. हलकं पान चटकन उघडतं आणि चटकन उघडणारं पान शोधात वर येतं, हे तू मला अगदी सावकाश, बालवाडीतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलंस. तेच झोंबलं. जन्मभर वर्गाला गप्प बसवलेली बाई मी. चारचौघांत म्हटलं, हे पान आहे की दवाखान्याची भिंत? (तुझी आई हसली नाही. मला वाटलं, तिला विनोद कळला नाही.) मग सुट्टीचा वार बदलण्यापुरता तू दिलेला पासवर्ड घेऊन मी त्या भिंतीला सजवायला निघाले. वरून गळणाऱ्या गुलाबपाकळ्या, आपोआप वाजणारं व्हायोलिन, सरकणारे भलेमोठे फोटो आणि 'सुई : एक चिंतन' हा माझा निबंध, संपूर्ण. (साधेपणा हाच दागिना, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं वाक्य त्यात आहे. पाकळ्यांमुळे वाचता येत नाही.)

आता रफू शोधलं की आधी मासेमारीची जाळी दुरुस्त करणारा येतो, आपण त्याच्याही कितीतरी खाली. एक जुनी गिऱ्हाईक म्हणाली, फोन गरम झाला पण दुकान काही उघडलं नाही. काल तुझ्या आईकडे गेले, तर ती तेल घातलेल्या मशिनलाच पुन्हा तेल घालत होती. मला विचारते, "ताई, हल्ली लोकांचे कपडे फाटतच नाहीत का गं?" मी खिडकीबाहेर बघत हवेबद्दल काहीतरी बोलले. चिमणे, इतकी खाली मान मी मुख्याध्यापिकेसमोरही घातली नव्हती.

तुझी,
मावशी

ता. क. पान पूर्वीसारखं कर. पासवर्ड मी बदलला होता, तू पाकळ्या काढशील म्हणून. तो आता मलाही आठवत नाही.

ता. क. दुसरा. लवकर कर. आईला गिऱ्हाईक दिसावं म्हणून मी माझेच कपडे फाडून वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या हाती तिच्याकडे पाठवते आहे. अंगावरचा सोडून एकच कोट उरलाय, आणि थंडी तोंडावर आहे.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात वरच्या बाई मी फाडून पाठवलेला एक कोट शिवून घेऊन आल्या. कित्येक वर्षं नसलेलं वरचं बटणही लावलेलं आहे. सोबत तुझ्या आईचा निरोप : "ताईला म्हणावं, पुढच्या वेळी शिवणीवर फाड, शिवायला सोपं जातं."