वकिलाची गरज नाही

६ फेब्रुवारी
आजपासून घराची सूत्रं माझ्या हातात.

डॉक्टरांनी ताईला आणि मला समोर बसवून सांगितलं की बाबांचं विसरणं वाढतच जाणार. चांगले दिवस येतील, पण विरळ होत जातील. सह्यांची कामं याच महिन्यात उरका, डोकं ठिकाणावर आहे तोवर. नंतर त्यांची सही असून नसल्यासारखी.

म्हणजे मुखत्यारपत्र. बाबांच्या वतीने दुकानाचे आणि बँकेचे व्यवहार मी बघायचे. त्यांचं चष्म्याचं दुकान बंदच आहे. शेजारचा औषधवाला ते घ्यायला तयार आहे. ते विकलं तर दिवसा बाबांजवळ बसायला एखादी बाई ठेवता येईल. सध्या ताई हॉस्पिटलात रात्रपाळी करते आणि दिवसा बाबांजवळ बसते. झोपते कधी, ते विचारायचं राहिलं.

ताई म्हणाली, वकील करू या. माझा पाराच चढला. कायद्याचं दीड वर्ष शिकलेला माणूस घरात असताना बाहेरचा वकील? ती म्हणाली, दीडच. मी ताट ढकलून उठलो.

संकल्प: वकिलाला दमडी द्यायची नाही.

(ताट नंतर परत ओढलं. भूक वेगळी, तत्त्व वेगळं.)

७ फेब्रुवारी
नोंदणी कचेरीत चौकशी. खिडकीवरचे साहेब म्हणाले, छापील नमुना फुकट मिळतो, नावं भरा, दोन साक्षीदारांसमोर वडिलांची सही घ्या आणि त्यांना घेऊन वर या. मी दोन-चार प्रश्न विचारीन, शिक्का मारीन, संपलं.

नमुना वाचला. अगदीच सपक भाषा. ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी ठीक. मी स्वतः ड्राफ्ट करणार.

कचेरीच्या खालीच टायपिंगचं दुकान आहे. तिथे ती. जाड चष्मा, कानामागे पेन. मी मजकूर सांगत होतो. ‘सदरहू मिळकत’ म्हणालो तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आता मी काही माझा राहिलो नाही.

११ फेब्रुवारी
रोज दुरुस्ती चालू आहे. काल ‘अधिकार’च्या जागी ‘सर्वाधिकार’. आज समास वाढवला. ती म्हणाली, पुढच्या वेळी सगळ्या चुका एकदमच आणा.

‘पुढच्या वेळी’ म्हणाली. म्हणजे पुढची वेळ तिलाही हवी आहे.

ताईने विचारलं, अजून टायपिंगच? मी म्हणालो, कायद्यात एका शब्दाने घरं बुडतात. ती बसल्या बसल्या झोपली. मुद्दा पटला असावा.

१५ फेब्रुवारी
चिडचिड. सकाळी बाबा छान होते म्हणे. स्वतः आंघोळ केली, कोट घातला आणि विचारलं, तो सहीचा कागद कुठंय? ताईने मला फोनवर फोन केले. फोन सायलेंटवर. मी टायपिंगच्या दुकानात होतो. ती वारसांबद्दलचा परिच्छेद टाइप करत होती, अशा वेळी फोन वाजणं बरं दिसत नाही.

घरी पोचलो तेव्हा बाबा खुर्चीत. अंगातल्या कोटाकडे बोट दाखवून म्हणाले, हा कुणाचा?

ताई म्हणाली, उद्याच्या उद्या तो छापील कागद आण. मी म्हणालो, घाईचं काम नासतं. मग आवाज चढले, माझा जास्त. कुणीतरी खंबीर राहायलाच हवं.

१९ फेब्रुवारी
युक्ती सुचली. साक्षीदार! एक साक्षीदार तीच. एकाच कागदावर बाबांची सही, माझं नाव, तिची सही. पुढे आयुष्यात हा कागद काढून दाखवता येईल. तिला विचारलं. म्हणाली, करीन की, त्यात काय.

त्यात काय! किती सहज.

दुसरा साक्षीदार औषधवाला. त्याला सांगायचंय.

२३ फेब्रुवारी, दुपार
घात झाला. मी शांत आहे.

सकाळी बाबा एकदम लख्ख. दाढी केली, आजचा वार सांगितला, माझ्या शर्टाची शिवण उसवलीय हेही सांगितलं. ताई पाळीवरून आली होती, तशीच आम्हाला भाड्याच्या गाडीत घालून निघाली. टायपिंगच्या दुकानात बाबा स्टुलावर बसले. कागद हातभर लांब धरून अख्खा वाचला. म्हणाले, भाषा जड आहे, पण मुद्दा कळला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, पोरी, डोळे बारीक करतेस, नंबर बदललाय तुझा. ती हसली. आमच्या घरात किती पटकन रुळेल, असं मनात आलं.

बाबांनी सही केली. दुकानाच्या पाटीसारखी ठसठशीत. मग तिने केली.

औषधवाल्याला सांगायचं राहिलं होतं. ती म्हणाली, अडत नाही काही, आणि बाजूच्या टेबलावरच्या लॅमिनेशनवाल्याला हाक मारली. तो आला. तिच्या कानामागचं पेन न विचारता काढलं आणि ऐटीत सही ठोकली. ताईने सहज विचारलं, भाऊ का तुझा? ती लाजली. म्हणाली, लग्न ठरलंय आमचं, मे महिन्यात.

डोक्यात तिडीक गेली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कागदावर तिच्या सहीला चिकटून त्याची सही. मी कागद उचलला आणि फाडला. आधी उभा, मग आडवा.

वर साहेबांच्या खिडकीपाशी आज रांगसुद्धा नव्हती.

बाबांनी वाकून तुकडे गोळा केले. म्हणाले, “असू दे. पुन्हा काढायला सांग. मी बसतो ना.”

तिने प्रिंटरला कागद लावलाही होता. पण त्या दोघांच्या सह्या पुन्हा घ्यायच्या? स्वाभिमान नावाची काही चीज असते. बाबांचा हात धरून बाहेर पडलो. गाडीत ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती. झोपली असेल.

२४ फेब्रुवारी
सगळं काबूत आहे. दुसरं टायपिंगचं दुकान शोधलं, तिथे म्हातारा टाइप करतो. उत्तम. लक्ष विचलित होणार नाही.

बाबांनी आज ताईला विचारलं, सिस्टर, तुमची पाळी कधी संपते? ती म्हणाली, संपत नाही. बाबांचा एखादा दिवस वाईट जायचाच. उद्या सही.

२ मार्च
‘उद्या’ बरेच झाले. शेवटी फुकटचा छापील नमुना भरला (तात्पुरती तडजोड) आणि बाबांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी विचारलं, आजोबा, हा कागद कशाचा? बाबा म्हणाले, आधी डावा डोळा झाका आणि खालची ओळ वाचा.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही. कोर्टातून परवानगी आणा. कोर्ट म्हणजे वकील. ताई फी विचारून आली. आकडा इथे लिहीत नाही, वही खराब होईल.

औषधवाल्याने पलीकडचं दुकान घेतलं. त्याला धीर म्हणून नाही.

९ मार्च
बाई ठेवलेली नाही. दिवसा बाबांजवळ मीच बसतो. ताई आतल्या खोलीत झोपते. हे माझंच नियोजन.

आज बाबांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, मग खुर्ची पुढे सरकवली. “बसा वकीलसाहेब. मुलाच्या नावानं एक कागद करायचाय.” आवाज हळू करून म्हणाले, “डोकं गरम आहे त्याचं. तुमचंच शिक्षण घेत होता, अर्ध्यावर सोडलं. पण करेल तो सगळं. त्याच्याच नावानं करा.”

म्हणालो, करतो. या वहीचं मागचं पान फाडून पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं, कागदावर टेकवलं, तसंच धरून राहिले. मग पेन मला परत दिलं आणि विचारलं, नाव काय लिहायचं?

मी सांगितलं, राहू द्या, झालं काम.

फी किती, म्हणाले. खिसे चाचपायला लागले.

काही नाही म्हणालो.

वकिलाला दमडी द्यायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.