एका घराचं चॅनल

कारेलीबाग, बडोदे
८ जुलै २००१

प्रिय मैथिली,

काडीमोड माझ्या मुलाशी झाला, माझ्याशी नाही. तेव्हा पत्र बघून तोंड वाकडं करू नकोस.

टीव्हीवरचा माझा राग तुला ठाऊक आहेच. पूर्वी पोस्टात जाऊन टीव्हीच्या लायसन्सचे पैसे भरायचो. सरकारने ते बंद केलं, वर उपकार केल्याचा आव आणला आणि जाहिरातींसाठी साबणवाल्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं. पण काही म्हण, एरंडावरच्या किडीची माहिती अख्ख्या कारेलीबागेत कोणी बघत नसलं तरी सरकारी चॅनल आपलं इमानेइतबारे दाखवत बसतं. बिनडोकपणा खरा, पण बघणाऱ्यांची डोकी तरी मोजत नाही. केबलवाल्यांची तऱ्हा निराळी. महिन्याचे पैसे आपल्याकडून घ्यायचे आणि वर साबणाच्या जाहिराती त्याच! दोन्ही हातांनी ओरबाडायचं.

तरी मी केबल घेतली. केयूरला सांगितलं, मराठी बातम्यांसाठी. माझा लेक समजायचं ते समजला आणि बातम्यांची वेळ झाली की स्कूटर काढून बाहेर जायला लागला.

गेल्या महिन्यात ते चॅनलच गायब! केबलवाला नंदू गालात तंबाखूचा मसाला धरून म्हणतो कसा, ‘मासी, मराठी चॅनल तो कोई जोतुंज नथी.’ कोणी बघतच नाही म्हणे! मग मी काय कोणीच नाही? एका घरासाठी परवडत नाही, निदान आठ-दहा घरं आणा, म्हणाला. म्हणजे पैसेही माझे आणि गिऱ्हाइकं गोळा करायची तीही मीच.

गेले दारोदार. मागच्या सोसायटीतल्या अहल्याबाईंकडेसुद्धा गेले. तू घर सोडलंस तेव्हा गावभर डांगोरा त्यांनीच पिटला होता. हेच चॅनल कशाला हो, असं अगदी साखर घोळून विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आमची मैथिली त्यावर बातम्या देते. ‘आमची?’ त्या म्हणाल्या. हो, आमची, मी म्हटलं. बाई इतक्या दचकल्या की मुकाट्याने तयार झाल्या.

परवापासून तू पुन्हा दिसतेस. वाचताना फार घाई करतेस आणि ती जांभळी साडी तुला अजिबात शोभत नाही. पण शेवटी हात जोडतेस ना, त्यासाठी मी बसते. या घरातून गेलीस ती मला नमस्कार न करताच गेलीस. तो आता मी रोज पैसे भरून घेते आणि खुर्चीतूनच ‘सुखी राहा’ म्हणते. पण ही मेली केबल एकाच बाजूने चालते, माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई