मित्सुएच्या बोटांना शाई

ओसाका

तोकुजी,

तुझ्या नावाचं पहिलं चित्रकथेचं पुस्तक माझ्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात आलं. भाड्यानं नेणाऱ्या पोरांनी ते फाटेस्तोवर वाचलं. मला मात्र पहिल्याच पानाला संशय आला.

त्यातली बाई पोर पाठीशी बांधताना पट्ट्याचं टोक दातांत धरते. तू कधी पोर पाठीशी घेतलंस रे? गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले, तेव्हा तुझी नखं स्वच्छ आणि तुझ्या बायकोच्या, मित्सुएच्या बोटांना शाई. विचारलं तर म्हणालास, "ताई, ती नुसत्या दौती धुते." ती खाली बघून हसली. ते हसू मला अजून खुपतंय.

जाब विचारायलाच लिहायला बसले. पण हे पाठवलं तर तू तिच्या हातातला टाक काढून घेशील, तुला मी ओळखते. म्हणून पाठवत नाही.

तू दुकानाकडे कधी फिरकत नाहीस, ते बरंच आहे. फाटलेल्या पुस्तकाला जाड पुठ्ठा घालून वर नाव मीच लिहिते. या पुस्तकावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांत मित्सुएचं नाव घातलंय. आता पोरं रोज डोकं खातात, "मावशी, मित्सुएबाईंचं दुसरं कधी येणार?"

तुझी थोरली बहीण,
हात्सुनो