डाळ मिलमधलं बंद प्लगिन

२ डिसेंबर, सोमवार
बोदवडहून सकाळच्या गाडीने जळगावला आले. पिंप्राळ्यात खोली मिळाली, खिडकीत छान ऊन येतं. डाळ मिलमध्ये ऑपरेटर म्हणून पहिला दिवस. वरच्या काचेच्या केबिनमधून सगळी मिल दिसते. रोलर, पट्टा, डाळीच्या टाक्या, सगळं एका स्क्रीनवरून चालवायचं. झिपरूनाना तीस वर्षं रोलर साफ करतात. म्हणाले, "भिऊ नको बेटा, हाई मशीन मना दोस्त शे."

४ डिसेंबर
एक खटकलं. मशीनचं पान फक्त जुन्या ब्राउझरमध्ये उघडतं, कारण त्याला लागणारं प्लगिन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बनवणाऱ्यांनी कधीच बंद केलंय. त्यातली भोकं आता कुणी बुजवत नाही; बाहेरचा कुणीही आत शिरेल. त्यात संगणक इंटरनेटला जोडलेला, मालकांना धुळ्यात बसून मिल दिसावी म्हणून. सुपरवायझर चुडामणभाऊंना सांगितलं. म्हणाले, इतकी वर्षं चाललंय, चालू दे.

९ डिसेंबर
दुपारी डबा खात होते. माउसला हात नव्हता. स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकला, एकेका बटणावर थांबत गेला. मी इंटरनेटची वायर उपटली. लगेच मालकांचा फोन. भाऊंनी वायर परत जोडली, वर खोकं बसवून कुलूप लावलं.

११ डिसेंबर
नानांचा हात रोलरमध्ये होता. मशीन मी बंद केलं होतं. दोनदा पाहिलं होतं. बाण सरकला, रोलर फिरला. मी बंद करायची, तो सुरू करायचा. हात खांद्यापर्यंत गेला. डाळीवर रक्त. नाना वर माझ्याकडे बघत राहिले.
पोलिसांनी लिहून घेतलं — ऑपरेटरची चूक.

१२ डिसेंबर
नाना सकाळी गेले.
स्क्रीनवर 'रोलर' होतं तिथे 'झिपरू' लिहिलंय. टाकीवर 'चुडामण'. हजेरीपट याच संगणकात आहे. भाऊंना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, मालकांनी उद्या मिल चालू करायला सांगितलंय.

१३ डिसेंबर
येणार नव्हते. भाऊ एकटे पडतील म्हणून आले. ते टाकीत उतरले, अडकलेली डाळ मोकळी करायला — मी नको म्हटलं —
तळाशी डाळ बाहेर ढकलणारा स्क्रू फिरतोय. डाळ त्यांना खाली ओढतेय. कमरेपर्यंत.
केबिनचं दारही स्क्रीनवरून उघडतं. उघडत नाही. काचेवर मारतेय, मशीनच्या आवाजात कुणाला —
कुणाला तरी कळावं म्हणून लिहिते. चूक माझी नाही.
छातीपर्यंत.
खुर्चीने काच फोडली. विजेचा मेन स्विच खाली, टाकीपाशी. फुटलेल्या काचेखाली रोलरकडे जाणारा पट्टा चालू झालाय. स्क्रीनवर 'पट्टा' होतं तिथे माझं नाव — सपना —
भाऊंचा हात अजून वर आहे. मी उडी