ताईच्या शब्दांखालचा बेस

३ मार्च, सोमवार

सुरातलं ओ की ठो कळत नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बेस गिटार घरात आणली! उसनी. आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांची कॉलेजातली. चार जाडजूड तारा, वजन भरल्या बादलीएवढं. "न्या हो बाई, नुसती पडून होती," म्हणाले.

कारण ताई. सतरा वर्षं बस चालवते. तिच्या लांबच्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी संडास नाही. म्हणून चालक बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. ताईच्या मूत्रपिंडाला वर्षात दोनदा सूज आली. डेपोचे साहेब म्हणतात, "आजवर एका तरी बाईनं तोंडानं सांगितलंय का मला?" नाही सांगितलं! कोण सांगणार? ताई लहानपणापासून अडखळत बोलते. पण ठेका धरला की फारशी अडखळत नाही. तिनं यावर चक्क रॅप लिहिलाय. पाच एप्रिलला डेपोचं स्नेहसंमेलन, साहेब पहिल्या रांगेत.

"म-म-मोबाइलवर ठेका लावून बघितला," ती म्हणाली. "पण मी अडकले तर तो थांबत नाही गं. पुढे निघून जातो."

"माणूस थांबेल की," मी बोलून बसले. आता भोगा.

४ मार्च

स्वरलिपी शिकायला महिना पुरणार नाही. पण इंटरनेटवर टॅब मिळते. चार आडव्या रेघा म्हणजे चार तारा. रेघेवर आकडा — दांडीवरच्या कितव्या पट्टीपाशी बोट दाबायचं तो. शून्य म्हणजे तार मोकळी. बस्स! हे तर माझं रोजचं काम. नमुन्याच्या काचेवरचा नंबर, रजिस्टरमधला नंबर, तीनदा ताडून पाहायचा. हिप-हॉपची सोपीशी ओळ निवडली. आठ मात्रा, त्याच फिरून फिरून. एकूण अकरा आकडे. आठवड्यात होईल.

८ मार्च

अकराही आकडे पाठ. ऐकायला भयंकर. हे आतून येऊन म्हणाले, "तू होय? मला वाटलं फ्रीज गेला."

१० मार्च

दुपारच्या सुट्टीत डॉक्टरांना वाजवून दाखवलं. दुसरं काही नव्हतं म्हणून पेशंटच्या खुर्चीत बसून! त्यांनी बराच वेळ ओठ दाबून धरले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही उलटं वाजवताय."

गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिलं की जाड तार सगळ्यात वर दिसते. टॅबमध्ये तीच सगळ्यात खालची रेघ असते. मी वरची वरच्याला जोडून मोकळी झाले होते. आणि ताडून पाहिलं होतं बरं — तीनदा! तिन्ही वेळा त्याच चुकीशी.

खाली येऊन कामाला बसले तर हात चालेना. नंबरांच्या बाबतीतही मी असंच काही वर्षानुवर्षं, अगदी काळजीपूर्वक चुकवत नसेन ना? सकाळचे काचांचे दोन ट्रे पुन्हा तपासले. ठीक निघाले. तरी धाकधूक गेली नाही.

१५ मार्च

आता तारा बरोबर, आकडे बरोबर, तरी गाणं नाही. डॉक्टर म्हणाले, "कुठं दाबायचं ते आलं. पण किती वेळ धरायचं?" शोधलं तर टॅबमध्ये ते लिहिलेलंच नाही! आकड्यांमध्ये कमीजास्त जागा सोडलेली, तेवढाच अंदाज. म्हणजे गावं दिलीत, अंतरं नाहीत. बाकीचं ऐकूनच शिकायचं.

ऐकतेय. लॅबपर्यंत चालत जाताना, मांडीवर बोटं आपटत. एक अजब गोष्ट सापडली. सहाव्या मात्रेवर बेस काहीच वाजवत नाही — आणि मान नेमकी तिथंच हलते! माझीही. असं का? घरी येऊन त्या जागेत एक सूर भरून पाहिला. मान हलेना. काढला, हलली. वीस वेळा तरी केलं असेल. ह्यांना मध्येच उभं करून त्यांच्या मानेवरही प्रयोग केला. "माझी मान लग्नापासून हलतेच आहे," म्हणाले.

१८ मार्च

दोन बोटांना फोड. लॅबमध्ये हातमोजा चढवताना ओरडलेच.

२३ मार्च, रविवार

पहिला सराव, ताईच्या स्वयंपाकघरात. ती स्टुलावर ताठ, दोन्ही हात पुढे — स्टेअरिंग धरल्यासारखे. मी ओळ सुरू केली आणि ती सुटलीच!

"छप्पन सीटची गाडी माझी, ब्रेक माझा, हॉर्न माझा,
शेवटच्या थांब्यावर साहेब, सांगा कुठला कोपरा माझा?"

पुढे "पाणी"वर मात्र अडकली. मी पुढे गेले नाही, तोच तुकडा फिरवत राहिले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फिरताना ती अलगद आत शिरली.

"थांबलीस गं!" एवढंच म्हणाली. मग दोघी वेड्यासारख्या हसलो.

३० मार्च

आठवडाभर एक प्रश्न डोक्यात. लहानपणी दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर ताई अडकली की शब्द मी पुरा करायचे. "धाकटी किती चुणचुणीत!" असं कौतुक व्हायचं माझं. आज धीर करून विचारलं, "तुला आवडायचं का गं ते?"

ताटली पुसता पुसता म्हणाली, "निम्म्या वेळा तू च-चुकायचीस, चिमे. मला पेन्सिल हवी असायची, तू पेन मागायचीस."

"मग सांगायची नाहीस?"

"सांगेपर्यंत पेन हातात आलेलं असायचं. मग मी पेननं लिहायचे."

आणि हे बेसचं? हेही मीच सुचवलं होतं. ते विचारायचं धाडस झालं नाही.

४ एप्रिल

उद्या. ताई सरावाला आली नाही. "गाडी धुतेय" असा निरोप. एकटीनंच वाजवलं.

५ एप्रिल

संमेलनात, भर स्टेजवर, ताई "पाणी"वर अडकली. मी तुकडा फिरवत राहिले — तीनदा, पाचदा, सातदा. मागच्या रांगांनी टाळ्यांचा ठेका धरला. सगळे डोलू लागले, साहेबसुद्धा! तेव्हा ताईनं वाकून माझ्या तारांवर तळहात ठेवला. "नको गं. म-मजा वाटतेय त्यांना." मग साहेबांकडे तोंड करून, ठेक्याशिवाय, थांबत, अडखळत सगळं सांगितलं. मूत्रपिंडाचंही.

नऊ मिनिटं लागली. ताईला सलग नऊ मिनिटं बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं.