खडवलीची दुपार आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, माया देवराम पगारे, वय ६७ वर्षे, निवृत्त परिचारिका, राहणार मोहने, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे मन आनंदी आहे असा माझा दावा नाही. ते ठिकाणावर आहे, आणि वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे कायद्याला तेवढे पुरते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मागच्या वर्षी एका शिबिरात माझ्याकडून भरून घेतलेल्या ‘माझ्या स्वप्नांची वही’ला कोणी मृत्युपत्र समजू नये.

१. माझे पती देवराम, मोहन्याच्या कारखान्यातले फिटर, दोन वर्षांपूर्वी वारले. मागे राहिलो ती मी, माझी थोरली नणंद रमाबाई शेजवळ, आणि माझा मुलगा प्रशांत, वय ४१, राहणार डोंबिवली पूर्व, धंदा आनंद. हा विनोद नाही. तो ‘आनंद निवडा’ नावाची शिबिरे घेतो. आधी पाण्याचे फिल्टर विकायचा. त्यात निदान पाणी तरी स्वच्छ व्हायचे.

२. मोहन्यातील वन रूम किचन, दुसरा मजला, माझ्या एकटीच्या नावे आहे. माझ्यानंतर त्यात रमाबाई हयातभर राहील. तिच्या पश्चात ते प्रशांतचे. मुलगा असताना नणंद आधी का, असे नातेवाईक विचारतील, म्हणून कारण लिहून ठेवते.

देवराम यांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी महिने सांगितले, वर्षे नाही. प्रशांत दुसऱ्याच दिवशी छापील पट्ट्यांचे भेंडोळे घेऊन आला. फ्रिजवर ‘मी रोज बरा होत आहे’. न्हाणीच्या दारावर ‘माझी प्रत्येक पेशी हसते आहे’. एकतीस वर्षे दवाखान्यात काढल्यामुळे कोणती पेशी काय करते आहे हे मला माहीत होते, पण माझे मत निगेटिव्ह ठरले. घरात आजाराचे नाव घ्यायचे नाही, ‘जर’ म्हणायचे नाही, रडायचे तर अजिबात नाही. माणूस वेदनेने कण्हला तरी प्रशांत म्हणे, “बाबा, स्माईल!” आणि देवराम बिचारे हसत. पाहुण्याला नको असलेला चहा घ्यावा लागतो, तसे.

बातमी कळल्यावर रमाबाई खडवलीहून आली. जिना चढतानाच तिला रडू फुटले. प्रशांतने तिला वरच्या पायरीवर अडवले. “आत्या, रडायचं असेल तर खाली रडून ये. बाबांच्या आजूबाजूला निगेटिव्हिटी नको.” ती पायरीवर बसली, डोळे पुसले, पुन्हा पुसले. ते काही थांबेनात. शेवटी पदर तोंडाला लावून ती आल्या पावली परत गेली. मी दाराआड हातात पळी घेऊन उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. ही चूक माझी आहे. ती कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून माझ्याकडेच ठेवते.

त्यानंतर एका रविवारी प्रशांत शिबिराला गेलेला. दुपारी देवराम म्हणाले, “माया, मी वाचत नाही गं आता.”

“माहितीये.”

“कधीपासून?”

“रिपोर्ट आला तेव्हापासून. तुम्हाला?”

“तू रिपोर्ट वाचलास, तेव्हा तुझा चेहरा बघितला की.”

मग काय झाले कोण जाणे, आम्ही दोघे हसत सुटलो. पोट दुखत असतानाही ते हसत होते. थांबल्यावर म्हणाले, “ताईला भेटायचंय. ती अकराव्या वर्षी शाळा सोडून कामाला गेली, म्हणून मी शिकलो. एकदाही तिला तसं बोललो नाही.”

तळमजल्यावरचा यज्ञेश कोळी रिक्षा चालवतो. त्याला सांगितले तर त्याने मागच्या सीटवर उशी टाकली. “काका, बिनधास्त बसा. खड्डे चुकवत नेतो.” त्या रस्त्यावर खड्डे चुकवायचे तर रस्ताच चुकवावा लागतो, पण पोरगा बोलला यातच आले.

खडवलीला रमाबाई दारात पापड वाळत घालत होती. देवराम यांना उतरवेना, म्हणून तीच पिठाच्या हातांनी रिक्षात चढून त्यांच्या शेजारी बसली. यज्ञेश लांब जाऊन उभा राहिला. मी पुढे, चालकाच्या जागेवर, पाठमोरी.

“ताई, माझ्यापायी तुझी शाळा सुटली.”

“अरे येड्या, मला कुठं शाळा आवडायची?” ती म्हणाली. तिने त्याच हातांनी त्यांचा गाल कुरवाळला. मग म्हणाली, “आवडायची रे. लई आवडायची.”

दोघे बहीणभाऊ त्या रिक्षात लहान पोरांसारखे रडले. नंतर देवराम यांनी सुकटीच्या चटणीशी भाकरीचे दोन घास खाल्ले, ज्या माणसाला आठवडाभर पेज पचत नव्हती. यज्ञेशने मोबाईलवर दोघांचा फोटो काढला. परतताना ते माझ्या खांद्यावर झोपले, औषधाशिवाय.

प्रशांतला कळले तेव्हा तो ओरडला नाही. ओरडणे त्याच्या नियमात बसत नाही. त्या दुपारनंतर बाराव्या दिवशी देवराम गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, सगळ्या नातेवाइकांसमोर, तो शांतपणे म्हणाला, “बाबा लढत होते. आईने त्यांना हार मानायला नेलं.” नवऱ्याच्या फोटोसमोर बसून मी ते ऐकले. रमाबाईनेही ऐकले.

३. आठ महिन्यांनी सुनेने, म्हणजे संचिताने, मला आग्रहाने डोंबिवलीच्या शिबिराला नेले. मंचावर बुद्धमूर्ती होती. दुःख आहे, हे ज्यांनी सर्वांत आधी सांगितले, त्यांच्या मागे फलक: ‘दुःख हा फक्त एक विचार आहे’. मूर्ती शांत होती. तिला सवय असावी. मग पडद्यावर देवराम आले. हसरा चेहरा, गालावर पांढरे काहीतरी. प्रशांत म्हणाला, “शेवटच्या दिवसांतलं हे माझ्या बाबांचं हसू. ही आहे पॉझिटिव्ह थिंकिंगची ताकद!” टाळ्या.

“कोणाला काही शेअर करायचंय?” असे त्याने विचारल्यावर मी उठले. माझी कोणतीही योजना नव्हती. म्हटले, “मी या माणसाची बायको. हा फोटो खडवलीला रिक्षात काढलाय. शेजारची त्यांची बहीण तुम्ही कापलीत. गालावर आहे ते तिच्या हाताचं पापडाचं पीठ. तासभर रडून झाल्यावर ते असे हसले. प्रशांत, तू तिला जिन्यावरून परत पाठवलं नसतंस, तर हे हसू घरीच आलं असतं रे.”

फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरून संचिताने घेऊन, कापून दिला होता. तो कुठला, हे प्रशांतला खरोखरच माहीत नव्हते. त्याने माईक खाली ठेवला. तिसऱ्या रांगेतली एक बाई रडू लागली, मग तिच्या बाजूची. कोणाचा मुलगा बोलत नव्हता, कोणाला गाठ होती आणि घरी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्या सभागृहात पुढचा दीड तास कोणीही आनंद निवडला नाही, आणि निघताना सगळ्यांचे चेहरे आल्यापेक्षा बरे होते. प्रशांत मंचाच्या पायरीवर बसून रडला. आत्याला आणायला तो पुढच्याच आठवड्यात एकटा खडवलीला गेला. तिथे काय बोलणे झाले ते दोघेही सांगत नाहीत. रमाबाई तेव्हापासून माझ्याकडे आहे. सकाळी चहाबरोबर आम्ही दोघी गुडघ्यांना यथेच्छ शिव्या देतो आणि दिवस सोपा जातो.

शिबिरात आता ‘अश्रू सत्र’ही असते, असे कळले. माझी परवानगी विचारलेली नाही.

४. देवराम यांची हत्यारांची पेटी, पाने व पकडींसह, यज्ञेश कोळी याला. त्याला या मृत्युपत्रावर साक्षही करायची होती. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब म्हणाले. त्याने थोडा विचार करून पेटी निवडली.

५. माझ्या पाटल्या संचिताला. सासऱ्यांच्या आजारात ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. आवाज मला ऐकू यायचा. तिने यापुढे नळ बंद करून रडावे.

६. माझ्या अंत्ययात्रेला ज्याला रडू येईल त्याने रडावे, ज्याला येणार नाही त्याने चहाचे बघावे. ‘त्या चांगल्या ठिकाणी गेल्या’ असे म्हणणाऱ्यास ठिकाणाचा पत्ता विचारावा.

७. दुरुस्तीची नोंद. सही करण्यापूर्वी हे मृत्युपत्र मी प्रशांतला वाचायला दिले. घर आधी रमाबाईला, याला त्याने हरकत घेतली नाही. दोनदा वाचून म्हणाला, “आई, बाबांच्या आधी ‘माझे’ आहे, आत्याच्या आधी ‘माझी’ आहे. माझ्या आधी काहीच नाही.” मी पाहिले, तर खरेच नव्हते. सबब कलम १ मध्ये ‘मुलगा’ या शब्दापूर्वी ‘माझा’ हा शब्द मी स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, नंतर घातला आहे. ती खाडाखोड समजू नये. बाजूला माझी सही आहे.

लिहून ठेवणार: माया देवराम पगारे (सही)

आमच्यासमक्ष सही झाली, व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:
१. विठ्ठल गोपीनाथ भोईर, निवृत्त शिक्षक, राहणार शहाड (सही)
२. उत्तरा सुमित साळवे, परिचारिका, राहणार मोहने (सही)

ठिकाण: कल्याण
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५