नियम सातवा रद्द करण्याबाबत

मी, यादव चिमाजी पाटोळे, वय वर्षे चौसष्ट, धर्म ख्रिस्ती, प्रेसमधून निवृत्त झालेला मशीन-कामगार, राहणार जेलरोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर आपल्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची अट कायद्यात नाही, असे दस्तलेखक श्री. झुंबर निकम यांनी सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. नियम मात्र पुष्कळ केले, आणि त्यांतला एक मागे घ्यायचा, म्हणून मुख्यतः हा कागद आहे. यावर झुंबरराव म्हणाले, "काका, आधी मिळकत लिहा. नियमबियम मृत्युपत्रात बसत नाहीत." म्हणून मिळकत आधी लिहितो.

कलम पहिले. जेलरोडवरील दोन खोल्या व पुढची पडवी, माझ्या स्वकमाईची, तसेच पोस्टात जे काही असेल ते, माझी एकुलती एक मुलगी सौ. लता शिरसाठ, राहणार देवळाली कॅम्प, हिला मिळावे. मागच्या खोलीचा पत्रा गळतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर जावईबापूंनी मला बोल लावू नये.

कलम दुसरे. सायकल आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना द्यावी. ते सगळीकडे पायी जातात, आणि ते पोहोचेपर्यंत लोकांच्या घरचा चहा निवतो.

कलम तिसरे. चर्चच्या सरावाच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ माझ्या मालकीचे आहे. ते गायकमंडळाला द्यावे. मी मंडळाचा पुढारी होतो तेव्हा शनिवारच्या सरावाला पाचच्या ठोक्याला दार लावायचे, अशी माझी शिस्त होती. आता कबूल करतो, की ते घड्याळ मी पाच मिनिटे पुढे ठेवत होतो. त्यामुळे दहा वर्षांत जी माणसे दाराबाहेर उभी राहिली, त्यांतली निम्मी वेळेवर आलेली होती. त्यांची क्षमा मागतो. घड्याळ बरोबर लावून घ्यावे.

कलम चौथे. सन १९७५ मध्ये आमचे तबलजी श्री. खंडेराव वाघमारे यांची पितळी हातोडी हरवली. ती हरवली नव्हती. खंडेराव शनिवारचा सराव सोडून पंचवटीत एका वरातीत वाजवायला गेले होते, त्या रागात मी ती माझ्या ट्रंकेत टाकली. मग आज देऊ, उद्या देऊ, असे करता करता अकरा वर्षे गेली. बिचारे तेव्हापासून सायकलच्या पान्याने तबला लावतात. मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला खंडेरावांचीच साक्ष हवी होती, म्हणून हातोडी त्यांच्या हाती आजच दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि "म्हंजी तुमीच काय!" एवढेच म्हणाले.

कलम पाचवे. मिळकत संपली. आता नियम.

सन १९७० च्या जून महिन्यात मला गायकमंडळाचा पुढारी नेमण्यात आले. मंडळ अठरा जणांचे होते आणि अठरा जण अठरा वाटांनी गात. बायका गाता गाता पोरांच्या कुंच्या नीट करायच्या, पुरुष दोन कडव्यांच्या मधे तंबाखू मळायचे. मी प्रेसमधला माणूस. तिथे कागद केसभर सरकला तरी चालत नाही. मी एका पुठ्ठ्यावर अकरा नियम लिहून सरावाच्या खोलीत टांगले. शनिवारी सरावाला नाही, तो रविवारी गायला नाही. गीत तोंडपाठ पाहिजे. ज्याचा कोणाशी अबोला असेल त्याने आधी त्याच्या घरी जाऊन सलाम करावा, मगच रविवारच्या भक्तीत उभे राहावे. गाताना आपल्याकडे कोण बघते आहे हे बघू नये. मयताचे बोलावणे आले, तर घर मोठे की लहान हे न बघता सगळ्यांनी जावे. हे नियम चांगले होते, अजूनही चांगले आहेत, आणि पुढे जो कोणी पुढारी होईल त्याने ते ठेवावेत. अबोल्याच्या नियमामुळे तर आमच्या मंडळीतली तीन भांडणे मिटली. त्यांतले एक माझेच होते.

नियम सातवा असा होता: मंडळात कोणाही एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये.

तो रद्द करावा. पुठ्ठ्यावरून खोडावा, नुसता विसरू नये. माझ्या मयतालाही प्रत्येकाने आपापल्या आवाजात गावे. बेसूर झाले तरी त्या दिवशी मी काही म्हणणार नाही.

कलम सहावे. रद्द का, ते लिहितो.

सन १९५० मध्ये सिन्नरकडच्या एका खेड्यात हंगामाच्या सणाच्या, म्हणजे नवे पीक देवाला वाहण्याच्या, भक्तीला मी माझी पेटी घेऊन गेलो होतो. सगळे एकत्र गात होते. तिसऱ्या कडव्याला बायकांमधून एक आवाज वर चढला आणि वरच राहिला. माझा भात्यावरचा हात थांबला. पेटी बंद पडली, बाकीचे लोक गप्प झाले, तरी त्या मुलीला पत्ता नाही. डोळे मिटून ती पुढचे कडवे एकटीच गात होती. ती सुला. घरी येऊन आईला सांगितले, लग्न करीन तर हिच्याशीच. दिसायला कशी आहे, असे आईने विचारले, तेव्हा मला सांगता येईना. मिटलेल्या डोळ्यांपलीकडे मी काही बघितलेच नव्हते.

लग्नानंतर मी प्रेसला लागलो. रात्रपाळी करून दिवसा झोपायचो, त्यामुळे ती घरात गायची ते पुटपुटल्यासारखे. आवाज चढला की मी कूस बदलायचो आणि ती गप्प व्हायची. मला ते सोयीचे होते. तिला कसे होते, ते मी विचारले नाही.

सन १९७१ च्या ईस्टरच्या आधीचा शनिवार. मंडळ गात होते आणि सगळ्यांच्या वर सुलाचा आवाज. पुढाऱ्याच्या बायकोला नियम नाहीत असे कोणी म्हणेल, याची मला फार धास्ती. मी पेटी थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "सुलाबाई, नियम सातवा वाचा." एरवी मी तिला सुला म्हणत असे. तिने पुठ्ठा वाचला, "बरं" म्हणाली, आणि पहिल्या रांगेतून निघून दुसऱ्या रांगेत धोंडाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

त्या ईस्टरला मंडळ असे गायले, की मी सगळ्यांना म्हणालो, "आता कसं एकजीव झालं!" सुलाला घरी वेगळे सांगितले, की तू सगळ्यांत जास्त सुधारलीस. ती हसली. मला वाटले, शाबासकी आवडली.

कलम सातवे. सन १९८० च्या जानेवारीत सुला गेली. लता तेव्हा चौदा वर्षांची होती आणि नुकतीच मंडळात यायला लागली होती. मी तिला सांगितले, आईच्या जागेवर उभी राहा.

ती म्हणाली, "तिथं उभं राहून आई गात नव्हती, बाबा. नुसते ओठ हलवायची."

मी तिच्यावर हात उगारला. मारले नाही, पण उगारला, हे लिहिलेच पाहिजे. मग तसाच धोंडाबाईंकडे गेलो. त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "व्हय. त्या ईस्टरपासनंच. नऊ वर्सं मी शेजारी हुते, मला नाय कळायचं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हनली, नका सांगू. त्यांना लय गोड लागतंय."

माझा कान तयार आहे, असे मी चारचौघांत सांगत आलो. नऊ वर्षे माझी बायको माझ्यापासून आठ पावलांवर उभी होती आणि ती गात नाही हे मला ऐकू आले नाही. उलट त्याच नऊ वर्षांच्या गाण्याची मी बढाई मारली. मी पुढारीपण सोडले. पुढे कोणीतरी सांगितले, की कॅम्पातल्या एका साहेबाने आमची ७८ सालची ईस्टरची भक्ती टेप केली होती. ती टेप मी मागून आणली आणि रेकॉर्डरला कान लावून ऐकली. अठरा जणांत सतराच आवाज. ती टेप आहे, पण तिच्यात सुला नाही.

तिची आठवण येते, असे लिहून भागत नाही. आठवण रोजच येते, तिला बोलवावे लागत नाही. मला तिचा आवाज ऐकायचा आहे. भाजी निवडताना, पडवीत बसलो असताना, प्रार्थनेतसुद्धा मी तेच मागतो, आणि मागतो आहे ते देण्यासारखे नाही हेही मला कळते.

कलम आठवे. पेटी लताला द्यावी. तिने वाजवावी, ठेवावी किंवा कोणाला देऊन टाकावी. तिच्यावर अट नाही. फक्त माझी इच्छा आहे, की तिने एकदा माझ्यासमोर मोकळ्या गळ्याने गावे. आई गेल्यापासून ती गायलेली नाही. चर्चला येते, पुस्तक उघडते आणि तोंड मिटून उभी राहते. आईचा गळा तिच्याकडे आला असणार असे मला वाटते, आणि तो निदान एकदा माझ्या कानावर पडावा.

झुंबरराव म्हणाले, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येतं. गेल्यावर तुम्ही ऐकणार कसं?"

हे खरे होते. म्हणून सही करण्याआधी हा मसुदा आणि चादरीत बांधलेली पेटी घेऊन मी रविवार, ९ नोव्हेंबर रोजी भक्ती झाल्यावर बसने देवळाली कॅम्पला गेलो आणि लताला सगळे वाचून दाखवले. पुढचे कलम तिथून आल्यावर लिहिले आहे.

कलम नववे. लता मेथी निवडत ऐकत होती. वाचून संपले तशी तिने जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, मी रागावून गात नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मी म्हणालो, "हो. आणि तुझा राग बरोबर आहे."

"राग होता. पण खरं सांगू? आईचा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नाही. घरात ती पुटपुटायची आणि चर्चमध्ये गप्प. त्याआधी मी एवढीशी होते, मला काही आठवत नाही. गायला तोंड उघडलं की मला पुटपुटणंच येतं. तेवढंच मी ऐकलंय."

मी मसुद्याची घडी घातली. मग तिनेच विचारले, "कसा होता हो? तुम्ही तर ऐकलाय. करून दाखवा ना."

मी चादर सोडली, पेटी उघडली आणि काळी चारची पट्टी दाबली. सुला तिथून गायची. सूर धरून मी तोंड उघडले. माझा आवाज अर्ध्या वाटेतच फाटला. पुन्हा करून बघितले, पुन्हा फाटला. लताने भाता माझ्या हातून घेतला, तीच पट्टी दाबली आणि विचारले, "एवढ्या वर?" मी मान हलवली. ती गायली नाही. तिने तो सूर तसाच चालू ठेवला, आणि आम्ही दोघे तो ऐकत बसलो.

म्हणून लिहून ठेवतो, की सुलाबाई यादव पाटोळे हिचा आवाज ही आज फक्त माझ्या ताब्यात असलेली वस्तू आहे, आणि ती मला कोणाच्याही नावे करता येत नाही. माझ्याबरोबर ती संपेल. तिच्यापैकी देता येण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे: काळी चार. ती लताला.

वरीलप्रमाणे व्यवस्था पाळकसाहेबांनी करावी. मजकूर मी स्वतः वाचला व तो बरोबर आहे.

स्थळ: नाशिक रोड
दिनांक: १४ नोव्हेंबर १९८६

(सही) यादव चिमाजी पाटोळे

यादवरावांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली.

साक्षीदार:
१. (सही) खंडेराव वाघमारे, तबलजी
२. (सही) धोंडाबाई केरू साळवे, दुसरी रांग